चौघांवर आठ: संख्येने भारी शत्रूंची लढत कशी बेतायची

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती फासे टाकत खेळायचा भूमिकांचा खेळ) चालवणाऱ्या नव्या डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू खेळवणारा) एकट्या दांडग्या ओगर राक्षसाबाबतचा अंदाज सहसा फार चुकत नाही. चुकतो तो दुबळे पण पुष्कळ शत्रू ठेवताना. आठ गॉब्लिन (बुटके, दुबळे राक्षस) टेबलावर मांडले की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे किती जीव उरला तो आकडा, पहिल्याच राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी होते तो फेरा) शून्यावर येतात आणि उरलेली लढत त्याला वाचवण्यात जाते. नाही तर फायटर (लढवय्या) दारात उभा राहतो, गॉब्लिन एकेक करून पुढे येऊन मरतात आणि बाकीचे तिघं खेळाडू मोबाइल काढून बसतात. दोन्हीचं मूळ एकच आहे. डीएम शत्रू एकेक करून वाढवत जातो आणि एक्सपीचा (शत्रूच्या ताकदीनुसार ठरलेल्या अनुभवाच्या गुणांचा) हिशेब जुळला की थांबतो. धोका मात्र संख्येच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढतो.

म्हणून शत्रूंची डोकी मोजू नका. लढत संपेपर्यंत पार्टीवर (खेळाडूंच्या पात्रांवर) एकूण किती हल्ले होणार, ते मोजा. खालचे सगळे टप्पे या एका मोजणीवर उभे आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एक्सपीचा तक्ता मुद्दाम उशिरा येतो, कारण तो आधी उघडला की बाकीचं काहीच होत नाही.

आकडे पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकांमधले आहेत. २०२४च्या सुधारित नियमांनी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. नमुन्याला एकच प्रसंग शेवटपर्यंत वापरू: घाटातल्या एका पडक्या गढीवर गॉब्लिनांनी गावातल्या धान्याच्या गोण्या लुटून ठेवल्या आहेत आणि तिसऱ्या लेव्हलचे चौघं त्या परत आणायला निघाले आहेत.

## १. पार्टीचं पान भरा

सत्राच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक खेळाडूकडून ताजे आकडे मागवा. ग्रुपवर एक मेसेज पुरतो, पण "तसंच आहे, मागच्यासारखं" हे उत्तर चालवून घेऊ नका. लेव्हल वाढल्यावर अर्ध्या पत्रकांवर जुनेच हिट पॉइंट असतात. एका कागदावर प्रत्येकाचा एसी (आर्मर क्लास: हल्ला लागायला फासा आणि बोनस मिळून गाठावा लागणारा आकडा), पूर्ण हिट पॉइंट, एका टर्नमधले (पाळीतले) हल्ले आणि अनेकांना एकदम लागणारे मंत्र लिहा.

आपल्या नमुन्यातली पार्टी अशी:

- फायटर: एसी १८, हिट पॉइंट २८
- क्लेरिक (बरं करणारा पुरोहित): एसी १८, हिट पॉइंट २४
- रोग (चोरपावलांनी लढणारा): एसी १५, हिट पॉइंट २१
- विझर्ड: एसी १२, हिट पॉइंट १७

एकूण ९० हिट पॉइंट. गॉब्लिनचा हल्ल्याचा बोनस +४ आहे आणि सरासरी इजा ५. म्हणजे एसी १८ला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त लागतं, शक्यता ३५ टक्के. एसी १५ला ५० टक्के, एसी १२ला ६५ टक्के. चौघांवर हल्ले सारखे वाटले गेले तर सरासरी साधारण ४६ टक्के.

एक नोंद सगळ्यात जास्त विसरली जाते: पार्टी एका राउंडला किती गॉब्लिन मारू शकते? गॉब्लिनचा एसी १५ आणि हिट पॉइंट ७. फायटर आणि रोग यांचा हल्ला लागला की गॉब्लिन बहुधा मेलाच, पण लागण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वर. क्लेरिक आणि विझर्डचे कँट्रिप (कधीच न संपणारे छोटे मंत्र) लागले तरी कित्येकदा गॉब्लिन एक-दोन हिट पॉइंटवर जिवंत राहतो. मंत्र न खर्चता राउंडला दीड आणि मंत्र खर्चले तर दोन-तीन, असा अंदाज धरा. आपण दोन धरू.

तपासा: विझर्डचे १७ आणि फायटरचे २८ यांत किती अंतर आहे ते पाहा. पार्टीची सरासरी काढून पुढे जायचा मोह होतो. पण गर्दीच्या लढतीत आधी पडतो तो सगळ्यात कमी एसी आणि हिट पॉइंटवाला, त्यामुळे त्याचे आकडे वेगळे अधोरेखित करून ठेवा.

## २. शत्रूंना काय हवंय ते लिहा

एक वाक्य पुरतं: "गॉब्लिनांना गोण्या खेचरांवर लादून अंधार पडायच्या आत वर न्यायच्या आहेत." हे वाक्य नसेल तर आठही गॉब्लिनांना एकच काम उरतं, समोरच्याला मारायचं, आणि मग सगळे हल्ले पार्टीवरच पडतात. वाक्य असेल तर दोघं गोण्या लादतात, एक खेचर धरतो, एक बातमी द्यायला पळतो. लढणारे चारच उरतात. शत्रूंची संख्या आठच राहिली, पहिल्याच राउंडला पार्टीवरचे हल्ले निम्मे झाले.

पार्टीचा हेतूही असाच ठरवा, आणि तो "सगळ्यांना मारा" असा नसू दे. जुलै १६६०मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंपुढे शत्रूचा नायनाट करायचं काम नव्हतंच. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड अडवायची, एवढंच होतं. संख्येने भारी शत्रूसमोरची लढत खेळायला मजा येते ती अशा हेतूमुळे: पाच राउंड दार धरा, खेचरं सोडवा, शिंग वाजवणाऱ्याला गाठा. खेळाडूंना हा हेतू इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) टाकायच्या आधी कळायला हवा. मनात ठेवून उपयोग नाही.

## ३. हल्ल्यांची बेरीज करा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि बाकी सगळं वगळलंत तरी हा वगळू नका.

शत्रू आधी खेळतात असं धरा आणि राउंडला दोन मरतात असं धरा. चार गॉब्लिन असतील तर पहिल्या राउंडला ४ हल्ले, दुसऱ्याला २, संपलं. बेरीज ६. आठ असतील तर ८, ६, ४, २. बेरीज २०. शत्रू दुप्पट झाले आणि हल्ले तिपटीहून जास्त.

२० हल्ले, प्रत्येकी ४६ टक्के, प्रत्येकी ५ इजा: साधारण ४६ हिट पॉइंट. म्हणजे पार्टीच्या ९०पैकी निम्मे, क्रिटिकल (फाशावर २० आल्यावरची वाढीव इजा) न धरता. चार गॉब्लिनांची तीच रक्कम १४च्या आसपास येते.

आता राउंडला दोनऐवजी एकच मेला तर? ८, ७, ६, ५, ४, ३, २, १. बेरीज ३६, इजा ८३. पार्टी जवळजवळ साफ. शत्रूंत काहीही बदललेलं नाही. फक्त रोगचे फासे खराब पडले आणि विझर्डने मंत्र राखून ठेवले. गर्दीच्या लढती एका आठवड्यात सोप्या आणि दुसऱ्या आठवड्यात जीवघेण्या का वाटतात, त्याचं उत्तर या दोन बेरजांत आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६मध्ये युद्धाबद्दल हेच मांडलं होतं: सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि एकास एक भिडावं लागत असेल तर सरळ संख्येप्रमाणे. पाचव्या टप्प्यात मैदान आखायचं ते या फरकासाठी.

पहिल्या राउंडची परीक्षा. बेरजेनंतर एक वेगळा प्रश्न विचारा: सगळ्यांनी मिळून एकाच पात्रावर हल्ला केला तर? विझर्डवर ८ हल्ले, ६५ टक्के, ५ इजा: २६. त्याच्याकडे १७ आहेत. मेज आर्मर हा संरक्षक मंत्र घालून एसी १५ केला तरी २०, म्हणजे तरीही खाली. पूर्ण हिट पॉइंटवरचा कुठलाही खेळाडू स्वतःचा पहिला टर्न यायच्या आत सरासरी फाशांवर शून्याला जात असेल, तर लढत आहे तशी टेबलावर आणू नका. संध्याकाळभर वाट पाहून आलेल्या माणसाला एकही फासा न टाकता बसवणं योग्य नाही.

इशारा: आव्हानाचा दर्जा सारखा म्हणजे धोका सारखा नव्हे. लांडगा आणि गॉब्लिन दोघांचा चॅलेंज रेटिंग १/४, दोघांचे ५० एक्सपी. पण लांडग्याची सरासरी इजा ७ आहे, आणि पॅक टॅक्टिक्समुळे सोबती जवळ असला की त्याला हल्ल्यावर अ‍ॅडव्हांटेज मिळतं. अ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा घेतल्याने) ३५ टक्क्यांचे जवळपास ५८ होतात. आठ लांडगे फायटरवर पडले तर ८ × ५८ टक्के × ७, म्हणजे ३२. फायटरचे २८. एसी १८ असलेला माणूसही पहिल्या राउंडला पडतो, शिवाय लांडगा चावला की आडवं पडण्याची भीती वेगळी. कोबोल्डांनाही पॅक टॅक्टिक्स आहे. स्टॅट ब्लॉकवर (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीवर) हा शब्द दिसला की बेरीज पुन्हा करा.

## ४. आता एक्सपीचा तक्ता उघडा

२०१४च्या नियमांत शत्रूंच्या एक्सपीची बेरीज संख्येनुसार गुणायची असते: दोघांना दीडपट, तीन ते सहाला दुप्पट, सात ते दहाला अडीचपट, अकरा ते चौदाला तिप्पट, पंधरा आणि पुढे चौपट. आठ गॉब्लिन म्हणजे ४०० एक्सपी, गुणून १०००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी हार्डची सीमा ९०० आणि डेडलीची १६००. म्हणजे हार्ड. आपली बेरीजही "अर्धे हिट पॉइंट जातील" असं सांगत होती, तेव्हा दोन्ही जुळतात.

२०२४च्या मार्गदर्शिकेत (डीएमसाठीच्या पुस्तकात) हा गुणाकार काढून टाकला आहे. तिथे त्याच पार्टीचं बजेट लो ६००, मॉडरेट ९००, हाय १६०० असं येतं, आणि आठ गॉब्लिनांचे ४०० लोच्याही खाली बसतात. त्या पुस्तकात सोबत एक सूचना आहे: प्रत्येक खेळाडूमागे दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर लवकर मरणारे नाजूक शत्रू घ्या. ही सूचना न वाचता फक्त बजेट भरणारा डीएम "अजून ५०० शिल्लक आहेत" म्हणून आणखी दहा गॉब्लिन टाकतो.

नेहमीच्या चुका तीन. जुना गुणाकार नव्या बजेटला लावणं. गुणलेले १००० एक्सपी खेळाडूंना वाटणं, खरं तर वाटायचे ते मूळचे ४००, म्हणजे प्रत्येकी १००. आणि सहा किंवा जास्त खेळाडू असताना २०१४च्या तक्त्यात एक पायरी खालचा, तिघांपेक्षा कमी असताना एक पायरी वरचा गुणक घ्यायचा असतो, ते विसरणं.

पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर हा टप्पा इथेच सोडा. तिथे लेव्हल प्रत्येक आकड्यात मिळवली जाते, त्यामुळे पार्टीपेक्षा चार लेव्हल खालचे शत्रू पुष्कळ असूनही क्वचितच लागतात. पाचव्या आवृत्तीत आकडे मुद्दाम आटोक्यात ठेवले आहेत, म्हणून तिथे गर्दी शेवटपर्यंत धोकादायक राहते.

## ५. मैदान आखा

चौकोनी ग्रिडवर मोकळ्या मैदानात एका माणसाभोवती आठ जण उभे राहू शकतात. भिंतीला पाठ लावली तर पाच. कोपऱ्यात तीन. एका चौकोनाच्या बोळात समोरून एकच. आठ गॉब्लिनांची लढत खडतर की सोपी, हे या आकड्यांवर बरंचसं ठरतं. तरीही बहुतेक नकाशे रिकामी आयताकृती खोली असतात.

लोहगडाची वाट चढला असाल तर ती डोळ्यांसमोर आणा: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, आणि मधली वळणं घेत जाणारी चिंचोळी वाट. वरून मारा करायला जागा, खालून येणाऱ्याला पसरायला जागा नाही. आपल्या गढीला असाच एक नागमोडी तुकडा द्या. पण सगळी गढी तशी करू नका, नाही तर फायटर बोळ धरून बसेल. माझा आग्रह असा: पार्टीला अडवायला एक चिंचोळी जागा, शत्रूला तिला वळसा घालायला एक लांबची वाट, आणि मध्ये काहीतरी जे पेटतं, कोसळतं किंवा लोटता येतं. वळशाला दोन राउंड लागावेत. तेवढा वेळ पार्टीला श्वास घ्यायला पुरतो आणि तिसऱ्या राउंडला जागा बदलायला भाग पाडतो.

धनुर्धारी वेगळे मोजा. गॉब्लिनच्या शॉर्टबोचा साधा पल्ला ८० फूट, म्हणजे १६ चौकोन. बोळ कितीही अरुंद असो, त्यांचे बाण थांबत नाहीत. आठही जणांकडे धनुष्य दिलंत तर लँचेस्टरचा वर्गाचा नियम लागू होतो आणि मैदानाची सगळी मेहनत वाया जाते. दोघा-तिघांनाच धनुष्य द्या आणि पार्टीला आडोसा द्या. अर्ध्या आडोशाने एसी +२ होतो, पाऊण आडोशाने +५.

इशारा: गॉब्लिनला निंबल एस्केप आहे. बोनस अ‍ॅक्शनमध्ये तो निसटू शकतो किंवा लपू शकतो. त्यामुळे फायटरने रांग अडवली तरी तो ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शेजारून निघून जाणाऱ्यावरचा फुकटचा हल्ला) न खाता बाजूने विझर्डकडे जातो, आणि झुडपातला धनुर्धारी दर टर्नला लपून अ‍ॅडव्हांटेज घेऊन बाण सोडतो. झुडपं किती ठेवायची ते हे लक्षात घेऊन ठरवा.

साहित्याला फार खर्च नको. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून मोठा ड्रॉइंग पेपर आणून त्यावर अडीच सेंटिमीटरचे चौकोन आखा, एक चौकोन पाच फूट. गॉब्लिनांसाठी शर्टाची बटणं पुरतात. कॅरमच्या सोंगट्या हाताशी असतात, पण त्या तीन सेंटिमीटरच्या पुढे असल्यामुळे या चौकोनात मावत नाहीत. बटणावर मार्करने क्रमांक टाका. क्रमांक नसला की "मी मघाशी ज्याला मारलं तो कोणता?" या प्रश्नात प्रत्येक राउंडला पाच मिनिटं जातात.

## ६. तुकड्या पाडा

आठ जणांना एकदम मैदानात आणण्याऐवजी ३, ३ आणि २ अशा तुकड्या करा आणि एकेका राउंडच्या अंतराने आणा. पुन्हा बेरीज करू, राउंडला दोन मरतात असंच धरून. पहिला राउंड: ३ हल्ले, दोन मेले, एक उरला. दुसरा: तीन आले, ४ हल्ले, उरले दोन. तिसरा: दोन आले, ४ हल्ले, उरले दोन. चौथा: २ हल्ले, संपलं. बेरीज १३. तेच आठ गॉब्लिन, पण २०ऐवजी १३ हल्ले, ४६ऐवजी ३० इजा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही राउंडला चारपेक्षा जास्त हल्ले नाहीत. चारही विझर्डवर पडले तरी सरासरी १३, आणि त्याच्याकडे १७ आहेत. पहिल्या राउंडची परीक्षा पास.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, इनिशिएटिव्ह. एकसारख्या शत्रूंचा एकच फासा टाकायची सोय नियमात आहे, आणि आठांसाठी एकच टाकला तर आठही हल्ले सलग पडतात. प्रत्येक तुकडीचा वेगळा टाका. मध्ये क्लेरिकला बरं करायला संधी मिळते.

दुसरी, पुढची तुकडी आकाशातून पडू नये. आधीच्या राउंडला खूण द्या: "वरच्या बुरुजावरून शिंग वाजलं आणि दगड घरंगळत खाली आले. कुणीतरी वाटेने धावत येतंय, दोनाहून जास्त पावलं आहेत." एवढं ऐकून खेळाडू दार लावतात, तेल ओततात, मागे सरकतात. खूण न देता आणलेली कुमक ही शिक्षा वाटते आणि खेळाडूंचा डीएमवरचा विश्वास जातो.

तपासा: पार्टीचे मोठे मंत्र गृहीत धरले का? २०१४चा स्लीप मंत्र ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे) हिट पॉइंटपुरता असतो, सरासरी २२, म्हणजे ७ हिट पॉइंटचे तीन गॉब्लिन एका झटक्यात झोपतात. बर्निंग हँड्समध्ये साधारण दोन सापडतात असा अंदाज मार्गदर्शिकेतला तक्ता देतो, फायरबॉलमध्ये चार. तुकडी तिघांची असेल तर स्लीप ती पूर्ण उचलतो. उचलू द्या. विझर्डने त्यासाठीच मंत्र घेतला आहे. फक्त शत्रूंच्या सगळ्या आशा त्या एका तुकडीवर नसाव्यात.

खेळाडू आला नाही तर. पावसाळ्यात रविवारी दुपारी कुणीतरी वाटेत अडकतंच, आणि तिघांवर लढत चालवायची वेळ येते. एक-दोन गॉब्लिन इकडून तिकडून कमी करू नका. शेवटची तुकडी पूर्ण काढा आणि दुसरी एक राउंड उशिरा आणा. हे आधीच कागदावर लिहून ठेवा. सगळे येऊन बसल्यावर गणित करायला वेळ नसतो.

## ७. टेबलावरचा वेग

आठ शत्रूंचे टर्न एकेक करून वर्णन करत खेळलात तर खेळाडूचा नंबर वीस मिनिटांनी येतो. शत्रूंसाठी इजेचे फासे टाकू नका, स्टॅट ब्लॉकमधली सरासरी वापरा. एका तुकडीचे वेगवेगळ्या रंगांचे डी२० (वीस बाजूंचे फासे) एकदम टाका: लाल फासा गॉब्लिन एकचा, निळा दोनचा. कोण कुणावर हल्ला करतोय ते टाकायच्या आधी बोला. आधी फासे पाहून मग लक्ष्य ठरवलं तर पक्षपात झाल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळदा तो झालेलाच असतो.

हिट पॉइंट उतरत्या क्रमाने वजा करण्याऐवजी झालेली इजा लिहीत जा. सातला पोचली की मेला.

दहाच्या वर शत्रू असतील तर २०१४च्या मार्गदर्शिकेतला जमावाचा तक्ता आहे. फाशावर लागणारा आकडा ५पर्यंत असेल तर प्रत्येक हल्ला लागतो, ६ ते १२ असेल तर दोघांमागे एक, १३-१४ला तिघांमागे एक, १५-१६ला चौघांमागे एक, १७-१८ला पाचांमागे एक. वेळ वाचतो, पण एक वाकडेपणा ध्यानात ठेवा. विझर्डला खरं तर ६५ टक्के हल्ले लागायला हवेत, हा तक्ता ५०च लावतो. कमी एसीवाल्याला सवलत मिळते. मला ती पटते, पण नकळत मिळू नये.

पाचव्या लेव्हलच्या पुढे जमाव हवा असेल तर २००८च्या चौथ्या आवृत्तीतले मिनियन उसने घ्या: हिट पॉइंट एक, आणि हुकलेल्या हल्ल्यातून कधीच इजा नाही. म्हणजे सेव्ह (मंत्राचा मारा चुकवायचा फासा) जमलेल्या मिनियनला फायरबॉलची अर्धी इजाही लागत नाही. दुसरा भाग विसरला तर मिनियन एका मंत्रात संपतात.

## ८. शत्रू कधी मोडतील ते आधी ठरवा

शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत लढत नसते. १९८१च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा आकडा होता, गॉब्लिनला ७. पहिला साथीदार मेला की आणि निम्मे पडले की दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. आकड्याहून जास्त आलं तर ते पळतात. ७हून जास्त येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. हा नियम जसाच्या तसा आजच्या खेळात चालतो. २०१४च्या मार्गदर्शिकेत याच कामाला डीसी १०चा (बोनससह किमान १० लागणारा) विझडम सेव्ह ऐच्छिक ठेवला आहे.

बेरजेवर परिणाम मोठा होतो. तुकड्या न पाडताही आठपैकी चार पडल्यावर उरलेले पळाले, तर २०ऐवजी ८ आणि ६, म्हणजे १४ हल्ले. शिवाय शेवटचे दोन राउंड, ज्यांचा निकाल सगळ्यांना माहीत असतो, ते वाचतात.

पळणारे कुठे पळतात आणि शरण आलेल्यांचं पार्टीने काय करायचं, याचं एकेक वाक्य तयार ठेवा. बांधलेल्या गॉब्लिनने काय माहिती द्यायची हे ठरलेलं नसेल तर टेबलावर अर्धा तास त्याला मारावं की सोडावं यावरच वाद होतो.

## ९. एकट्याने दोन राउंड खेळून पाहा

सत्राच्या आदल्या दिवशी बटणं मांडा आणि फक्त पहिले दोन राउंड खेळा, पार्टीचे फासेही तुम्हीच टाका. सगळी लढत नको. लागलेले हल्ले, पडलेले गॉब्लिन आणि विझर्डचे उरलेले हिट पॉइंट लिहून ठेवा. दुसऱ्या राउंडअखेर पार्टीचे निम्म्याहून जास्त हिट पॉइंट गेले असतील तर तुकड्यांमधलं अंतर वाढवा. शत्रूंची संख्या शेवटी बदला, आधी त्यांच्या येण्याची वेळ बदला.

## १०. लढत हाताबाहेर जाऊ लागली तर

पडद्याआड हिट पॉइंट बदलू नका आणि फासे लपवून वाचून दाखवू नका. खेळाडूंना ते कळतं, आणि एकदा कळलं की पुढच्या कुठल्याही विजयाला किंमत राहत नाही. बदल गोष्टीतून करा. तिसरी तुकडी गोण्या घेऊन वर निघून जाते. म्होरक्या ओरडतो, "जिवंत धरा, सौदा करू." शून्यावर आणणारा हल्ला मेलीचा (जवळून, हातघाईचा) असेल तर मारणाऱ्याला मारण्याऐवजी बेशुद्ध करायची मुभा नियमातच आहे. दोन गॉब्लिन पडलेल्या क्लेरिकला ओढून न्यायला लागले की पार्टीवरचे दोन हल्ले कमी होतात आणि पुढच्या सत्राला विषयही मिळतो.

इशारा: पडलेल्या पात्रावर हल्ला करायचा की नाही, हे लढतीच्या आधी ठरवा आणि खेळाडूंना सांगा. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून केलेला हल्ला अ‍ॅडव्हांटेजने होतो, लागला की क्रिटिकल ठरतो आणि दोन डेथ सेव्ह (असे तीन फसले की पात्र मरतं) फसल्याचे धरले जातात. एकट्या ओगरला त्यासाठी दोन टर्न लागतात. गर्दीत दोन गॉब्लिनांचे दोन हल्ले लागले की पात्र कायमचं मेलं, एका राउंडमध्ये, मध्ये कुणाचाही टर्न न येता. मी स्वतः भुकेली जनावरं आणि झाँबी सोडून कुणालाच पडलेल्यावर हल्ला करू देत नाही. गॉब्लिनला उभ्या शत्रूची भीती जास्त असते.

लढत उलट दिशेला घसरली, फारच सोपी झाली, तर ती संपू द्या. कुमक वाढवू नका. पार्टीने जागा हुशारीने निवडली असेल तर तिचं फळ तिला मिळायलाच हवं.

## ११. सत्रानंतरची नोंद

खेळाडू चहा घेत असताना तीन आकडे लिहून ठेवा: पार्टीवर प्रत्यक्ष झालेले एकूण हल्ले, राउंडला सरासरी मेलेले शत्रू, आणि शेवटी पार्टीकडे उरलेले हिट पॉइंट. दुसरा आकडा पहिल्या टप्प्यातल्या अंदाजाच्या जागी पानावर चढवा. दोन-तीन लढतींनंतर तो बऱ्यापैकी स्थिरावतो, मग पुढच्या बेरजेत माझे दोन न धरता तुमच्या टेबलाचा आकडा धरा. लेव्हल वाढली किंवा कुणाला नवीन हत्यार मिळालं की तो पुन्हा मोजायचा. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा हल्ला आणि विझर्डला फायरबॉल एकदमच मिळतात, तेव्हा जुनं पान फाडून नवीन करा.